नवी पुस्तकं टेबलावर आहेत, या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं होतं. मराठीत आता वाचण्यासारखं नवीन काही लिहिलंच जात नाही, म्हणून सीमाभागातली मुलं मराठीपासून तुटत चालली, असं त्यांचं म्हणणं. त्या पत्राचं कात्रण तेव्हापासून माझ्या गल्ल्यात आहे. सरांविषयी मला आदर आहे. त्यांच्यासारख्यांनी हातावर छड्या मारून शिकवलं म्हणून मी आज चार पुस्तकं वाचते. पण त्यांचं हे म्हणणं मला पटत नाही, आणि का पटत नाही ते मी रोज दुकानात बघते.

बेळगावच्या शहापुरात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं, गाईडं, खाकी कव्हरं, लेबलं. दिवाळीला दिवाळी अंक. बाकी वर्षभर वह्या आणि झेरॉक्स. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वह्यांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. पुढच्या पावसाळ्यात मी दारातल्या टेबलावरच्या वह्या उचलून माळ्यावर टाकल्या आणि त्या जागी कथा-कादंबऱ्या मांडल्या. टेबल साडेचार फुटांचं. नियम एकच ठरवला : या टेबलावर गेल्या सात-आठ वर्षांतलंच पुस्तक राहील. जुनं सगळं आतल्या कपाटात.

जुन्यावर राग आहे असं कुणी समजू नये. रणजित देसाईंचं कोवाड इथून तासाभराच्या वाटेवर. त्यांच्या 'स्वामी'च्या आजही महिन्याला दोन-तीन प्रती जातातच. जी. ए. कुलकर्णी आमच्या जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, इथंच त्यांनी शिकवलं. ही पुस्तकं मी ठेवते आणि ठेवत राहीन. पण एक गोष्ट मला विसरता येत नाही. १९९४ साली प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' नवं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, मांडीवर लहान मूल. १८४८ पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातून ते घरी आणलं आणि त्यातल्या लंपन या मुलाची भाषा वाचताना मला आमच्या वडगावच्या घराच्या मागच्या दारात उभी असल्यासारखं झालं. ते पुस्तक तेव्हा कुणीतरी नवं असतानाच मागवलं होतं. त्यावर अजून कुणाचा शिक्का बसलेला नव्हता, अभ्यासक्रमात नव्हतं. कुणीतरी 'हे बघा, घेऊन जा' म्हणून माझ्या हातात ठेवलं. आज पंचविशीत असलेल्या पोरीच्या हातात तसं नवं पुस्तक कोण ठेवतं? माझं सगळं म्हणणं एवढ्यावर आहे.

नवं पुस्तक बेळगावपर्यंत येतं कसं, हे थोडक्यात सांगते, म्हणजे ते दिसत का नाही हे कळेल. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला वितरक दोन-तीन प्रतींच्या मागणीवर कमिशन कमी देतो, खपलं नाही तर परत घेत नाही, आणि वाहतूक आमच्या अंगावर. कोल्हापूरहून एसटीनं पार्सल मागवलं तर स्वस्त पडतं, पण सीमेवर काही कुरबुर झाली की गाड्या बंद होतात आणि पार्सल तिकडं कागलला किंवा अलीकडं निपाणीला अडकून पडतं. एकदा एका कादंबरीच्या पाच प्रती मला बारा दिवसांनी मिळाल्या, त्याही एका कोपऱ्यात भिजलेल्या. त्यामुळं बहुतेक दुकानं हमखास खपणारं तेवढंच ठेवतात. वाचकाला तेच तेच दिसतं, आणि मग वाटतं की नवं काही नाहीच.

आता टेबलावरची गोष्ट.

खडेबाजारात कपडे शिवणारे एक काका माझ्याकडं पावती पुस्तकं घ्यायला येतात. वय साठीच्या पुढं. शाळा सातवीपर्यंत. एके दिवशी मी त्यांना देविदास सौदागर यांची 'उसवण' दिली. तुळजापूरचा हा लेखक स्वतः शिवणकाम केलेला माणूस, आणि कादंबरीही शिंप्याचीच : रेडिमेड कपडे आले आणि मशीनवर बसणाऱ्याचं काम कसं आटत गेलं त्याची. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला, पण हे मी काकांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "काका, तुमच्या धंद्यावर लिवलंय, पहिली दोन पानं हितंच उभं राहून वाचा." ते वाचत राहिले. गिऱ्हाईक आलं, गेलं. मग चष्मा खिशात घालत म्हणाले, "अक्का, हे कुणी शिवल्याशिवाय लिवलेलं न्हाई." पैसे पुढच्या आठवड्यात आणून दिले आणि त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोघांना घेऊन आले.

ती कादंबरी मी स्वतः कशी वाचली तेही सांगते. माझे वडील वडगावात मागावर होते. आधी खड्डा माग, मग दुसऱ्याच्या पॉवरलूमवर मजुरी. सुरतेची स्वस्त साडी बाजारात उतरली तेव्हा आमच्या घरात कुणी मोठ्यानं काही बोललं नाही. फक्त आईनं दुपारचा चहा बंद केला. 'उसवण' वाचताना मला तो चहा आठवला. अशी कादंबरी आजच्या मराठीत, आजच्या माणसानं लिहिलेली असताना 'नवं काही नाही' हे वाक्य मी कसं सोसू?

दुसरा प्रसंग खानापूर तालुक्यातला. भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांची परिस्थिती आपल्या वाचकांना सांगायला नको. गवाळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव, तळेवाडी ही नावं आपल्याच पानांवर येत असतात. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं, आणि जंगल सोडून बाहेर यायचं की नाही हा प्रश्न घराघरात आहे. अशाच एका वाडीतले आजोबा नातवाच्या पुस्तकांसाठी दुकानात आले होते. बोलता बोलता म्हशींचा विषय निघाला. बाहेर प्लॉटवर राहायला गेलं तर म्हशी कुठं बांधायच्या, म्हणाले. मी टेबलावरून कृष्णात खोत यांची 'रिंगाण' उचलली. धरणात गाव गेलेला माणूस मागं जंगलात राहून गेलेली म्हैस आणायला परत जातो, त्याची ती कादंबरी. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. आजोबांना वाचता फारसं येत नव्हतं. नातू आठवीतला, त्याला म्हटलं, "रोज रात्री आजोबांना चार पानं वाचून दाखवायची."

महिन्यानं दोघं परत आले. नातू म्हणाला, "आजोबा मधीच थांबवतात आणि आमच्या म्हशीचं सांगायला लागतात, म्हणून पुस्तक संपंना झालंय."

'रिंगाण'मधली बोली पन्हाळा-कोल्हापूरकडची आहे. पुण्याच्या वाचकाला ती सुरुवातीला अडत असेल. आमच्याकडच्या माणसाला ती घरची वाटते. हिडकल धरणाच्या पाण्यात ज्यांची शिवारं गेली, पाणी उतरलं की हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर बघायला जे आजही जातात, त्यांना या पुस्तकाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. हुक्केरी, संकेश्वर भागातल्या वाचकांना मी ते आवर्जून देते.

चंदगड आणि खानापूरकडून कॉलेजला येऊन बेळगावात खोली करून राहणाऱ्या पोरांना किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' द्यावं. कथासंग्रह आहे. २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार. गावातून शहरात आलेल्या पोराची आत चाललेली घालमेल ह्यांनी जशी पकडली आहे तशी मी दुसरीकडं क्वचित वाचली. ही पोरं आधी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मागतात. ते त्यांना देते, आणि सोबत यातली एक कथा तिथंच वाचायला लावते.

पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक टेबलावर येतं असं मात्र नाही. पुरस्कारानं मला एवढं कळतं की अमुक पुस्तक मागवून बघावं. प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' २०२२ ची पुरस्कारप्राप्त कादंबरी, आणि मोलाची आहे. पण ती मी पहिल्यांदा दुकानात आलेल्याला देत नाही. ज्याला धीर आहे, जो अर्ध्यात सोडून 'मराठी आता कळत नाही' म्हणणार नाही, त्याला देते. चुकीच्या माणसाला चांगलं पुस्तक दिलं की दोघांचंही नुकसान होतं. एका बाईंना मी घाईघाईत असंच एक पुस्तक दिलं होतं. त्या सहा महिने दुकानाकडं फिरकल्या नाहीत. तेव्हापासून मी 'कुठला लेखक आवडतो?' असं विचारत नाही. 'दिवसभर काय करता?' आणि 'शेवटचं कुठलं पुस्तक पुरं केलं?' हे विचारते. रात्रपाळी करणाऱ्या एका नर्स मुलीला मी विशाखा विश्वनाथ यांचा कवितासंग्रह 'स्वतःला स्वतःविरुद्ध उभं करताना' दिला, कारण तिला सलग वाचायला वेळ नसतो. एक कविता वाचायची, पेशंटकडं जाऊन यायचं, दुसरी वाचायची. हा संग्रह २०२३ च्या युवा पुरस्काराचा. तिनं तो डब्याच्या पिशवीत ठेवून ठेवून पार मऊ केला आहे.

सरांच्या पत्रातला मुलांचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मला झोप लागू देत नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी मराठी बोलतात आणि शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची असते. ती मराठी वाचू शकणार नाहीत असं त्यांच्या आयाच गृहीत धरतात. मी तसं धरत नाही. शाळेत हिंदी असल्यामुळं देवनागरी त्यांना येते. अडतात ती एका अक्षरावर, 'ळ'वर. हिंदीच्या पुस्तकात त्यांनी ते बघितलेलं नसतं. मी त्यांना म्हणते, "अगं, कन्नडमधला तोच हा ळ, नुसता वेगळा काढलाय." लगेच जमतं. कारण तो आवाज त्यांच्या जिभेवर जन्मापासून आहे, घरातूनही आणि शाळेतूनही. मग एकनाथ आव्हाडांच्या 'छंद देई आनंद'मधली एखादी कविता मोठ्यानं म्हणायला लावते. यमक जुळत गेलं की वाचणं पुढं ओढलं जातं. त्याच्यापुढची पायरी म्हणून भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला'. भूत आहे म्हटल्यावर मुलं अडखळत का होईना, पण शेवटापर्यंत जातात. पाचवीतल्या एका मुलीनं ती सतरा दिवसांत संपवली आणि मला येऊन आकडा सांगितला. या दोन्ही पुस्तकांना बालसाहित्याचे अकादमी पुरस्कार आहेत, २०२३ आणि २०२४ चे. मुलांसाठी कुणी लिहीत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन हा कप्पा बघावा.

दुकानाच्या पाटीवर नियमाप्रमाणे कन्नड मोठ्या अक्षरात आहे आणि खाली मराठी. येणारी माणसंही दोन्ही भाषांची. २०२५ च्या मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना, दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासाठी, आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं त्या दिवशी शेजारच्या कन्नड शाळेच्या बाईंनी माझ्या काउंटरवर उभ्या राहून त्यातली एक गोष्ट आम्हाला अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत सांगितली. गिऱ्हाईकं झेरॉक्स विसरून ऐकत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा गेले तेव्हा आठवडाभर त्यांच्या मराठी अनुवादांची मागणी होती. ते अनुवाद करणाऱ्या उमा कुलकर्णी बेळगावात जन्मलेल्या, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्या हद्दीवरच्या भांडणाचं जे व्हायचं ते सर्वोच्च न्यायालयात होईल. कोर्टातला दावा २००४ चा, आणि मूळ प्रश्न १९५६ पासूनचा. पण तोवर शेजारणीनं सांगितलेली गोष्ट ऐकायला मला कुणाची परवानगी लागत नाही. आणि मराठी माझी आहे हे सांगण्यासाठी मला तिच्यातलं आजचं लेखन माहीत असावं लागतं, असं मला मनापासून वाटतं. 'मराठीला अभिजात दर्जा मिळाला' म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण पेढे वाटले. मीही वाटले. त्या दिवशी दुकानात पेढे घेऊन गेलेल्यांपैकी दोघांनी पुस्तक घेतलं.

आता दोन मागण्या करते. त्यासाठीच हे पत्र लांबलं.

पहिली आपल्या भागातल्या ग्रामीण साहित्य संमेलनांच्या कार्यकर्त्यांना. भाताची सुगी आटोपली की कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी अशा गावांत ग्रंथदिंडी निघते. लेझीम, डोक्यावर कळस घेतलेल्या पोरी, पालखीत ग्रंथ, आणि सगळं गाव रस्त्यावर. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे हे बघून थक्क होतात. वर्गणी काढून, घराघरातून भाकरी गोळा करून संमेलन भरवणारी ही माणसं आहेत. त्यांच्यापुढं मी हात जोडते. म्हणूनच हक्कानं सांगते : पालखीत एक तरी या वर्षीचं पुस्तक असू द्या. सत्काराची शाल आणि स्मृतिचिन्ह यांच्या खर्चात दोन-तीन नव्या कादंबऱ्या येतात. पाहुण्याला त्या द्या, किंवा पाहुण्याच्या हातून गावातल्या वाचणाऱ्या मुलीला द्या. आणि कार्यक्रमात दहा मिनिटं गावातल्याच एका वाचकाला द्या. त्यानं या वर्षी वाचलेल्या एका नव्या पुस्तकाविषयी बोलावं. गवंडी असो, अंगणवाडीची बाई असो, मठातला विद्यार्थी असो. एका संमेलनात माझ्या पुस्तकांचं टेबल मांडवाच्या मागं, जेवणाच्या रांगेपलीकडं लावलं होतं. दिवसभरात अकरा पुस्तकं गेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात ते मांडवाच्या तोंडाशी होतं, आणि एका ताईंनी व्यासपीठावरून एका कादंबरीचं नाव घेऊन 'मी हे रात्रभर वाचलं' एवढंच सांगितलं. त्या कादंबरीच्या आणलेल्या आठही प्रती दुपारच्या जेवणाआधी संपल्या. जागेनं आणि एका वाक्यानं एवढा फरक पडतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दरवर्षी कुठं ना कुठं भरतं. इथून गाड्या करून जाणाऱ्यांनी येताना प्रत्येकी एक नवं पुस्तक आणलं, तर निदान ती पार्सलं तरी सीमेवर अडकणार नाहीत.

दुसरी मागणी आपल्याकडं, संपादक महोदय. रविवारच्या अंकात पुस्तक परीक्षणं येतात. ती विद्वानांनी लिहिलेली असतात, आणि ती असायलाच हवीत. त्यांच्या शेजारी बोटभर जागा सीमाभागातल्या साध्या वाचकाला द्या. साठ-सत्तर शब्द. अट एवढीच की पुस्तक अलीकडचं असावं, आणि लिहिणाऱ्यानं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असावं. माझ्या टेबलावर हे चार वर्षं चाललं आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून ठेवले आहेत. ज्यानं पुस्तक पुरं वाचलं त्यानं त्यावर स्वतःच्या हातानं लिहायचं आणि चिठ्ठी त्या पुस्तकात खोचायची. शुद्धलेखन मी तपासत नाही. आतापर्यंत एकशे चाळीसच्या वर चिठ्ठ्या जमल्या आहेत. नवं गिऱ्हाईक मलपृष्ठावरचा मजकूर वाचत नाही, आधी ती चिठ्ठी वाचतं. आपण जागा देणार असाल तर दर आठवड्याला एक चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या परवानगीनं पोचवायची जबाबदारी माझी. निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या वाचकांनी आपापल्या चिठ्ठ्या थेट आपल्याकडं पाठवाव्यात.

आणि पत्र लिहिणाऱ्या सरांना माझं आग्रहाचं निमंत्रण. कुठल्याही संध्याकाळी दुकानात या. खुर्ची आहे, चहा मागवते. विकत काही घ्यायला नको. मी तुम्हाला एक पुस्तक देईन, ते वाचून परत आणून द्या, आणि नाही आवडलं तर तसंच चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठीही मी पुस्तकात खोचीन.

नमुना म्हणून खडेबाजारातल्या काकांची चिठ्ठी, त्यांना विचारून, जशीच्या तशी देते :

'उसवण. माझ्याकडं तीन मशीन होत्या आता एक आहे. गड्याला काढलं तेव्हा मी तोंडानं सांगितलं न्हाई त्याच्या बायकोकडं निरोप दिला. या पुस्तकात तसलं सगळं लिवलंय. वाचून झाल्यावर मी त्या गड्याच्या घरी जाऊन आलो. त्यानं पण आता वाचायला घेतलंय.'

आपली,
एक पुस्तकविक्रेती, शहापूर, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)